मायलेकी काठाचे आकडे

सोनिका निनावेनं आयुष्यात पहिल्यांदा जे वेबपान बनवलं, त्यावर सगळ्यात आधी काय लिहिलं असेल? स्वतःचं नाव. वर मथळा नव्हता, मधे चौकटी नव्हत्या, पण तळाशी मोठ्या जांभळ्या अक्षरांत ‘निर्मिती : सोनिका कवडू निनावे’ असं झळकत होतं. घराचा पत्ता नाही आणि दारावरची पाटी आधी तयार. पण तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या पानाच्या वेळी बहुतेक सगळेच असं करतात म्हणे.

ती नागपूरला गांधीबागेत लुगड्यांच्या एका ठोक दुकानात कामाला होती. दुकान साडेदहाला उघडायचं. म्हणून सकाळी साडेसात ते नऊ ती जवळच्याच एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, मुलींसाठी चालणाऱ्या कोडिंगच्या फुकट वर्गाला जायची. शिकवायला अदिती मॅडम होत्या. मनानं गोड, जिभेनं तिखट. तीन महिने झाल्यावर त्यांनी प्रत्येकीला एक छोटं काम दिलं. पानावर चौकटींची जाळी काढायची, आणि माउस ज्या चौकटीवरून फिरेल ती रंगली पाहिजे.

“आणि एक लक्षात ठेवा,” मॅडम म्हणाल्या होत्या, “पानावर दिसतं ते पाण्यावरचं लिहिणं आहे. जे टिकवायचं ते आकड्यांत ठेवा, आणि आकड्यांवरून पान काढून घ्या.”

सोनिकानं हे वाक्य वहीत उतरवलं, त्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या आणि साफ विसरून गेली.

ज्या सकाळी तिची जाळी पहिल्यांदा रंगली, त्या सकाळी ती खुळ्यासारखी पाच मिनिटं नुसता माउसच फिरवत बसली होती. चौकटी पटापट लाल होत होत्या. बघता बघता तिला त्यात करवतकाठी लुगड्याचे दात दिसायला लागले, आणि तिच्या डोक्यात बाबा आले.

बाबा म्हणजे कवडू निनावे. उमरेडला चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस. करवतीच्या दातांसारखा काठ विणायचा तर आडवं सूत नेणारे तीन धोटे एकमेकांत अडकवत न्यावे लागतात, आणि त्या कामात कवडूचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी तोच हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी झाली, पण धोटा काही धरवेना. माग बंद झाला. तेव्हापासून कवडू ओसरीत बसून रस्त्याकडे बघायचा आणि कोणी ‘कसं काय’ विचारलं की ‘मजेत’ म्हणायचा. ती मजा घरच्यांनाच ठाऊक होती.

अशात उमरेडच्या बायकांच्या बचत गटानं एका शेडमध्ये दोन माग मांडले. ज्या बायका जन्मभर धोट्यासाठी नुसत्या सुताच्या कांड्या भरत आल्या, त्यांनी आता मागावर बसायचं ठरवलं होतं. गटाच्या इंदुताई घरी आल्या आणि कवडूला म्हणाल्या, “मास्तर व्हा आमचे. पण काठाचा नक्शा कागदावर पायजे, पोरीयले समोर ठेवून विणता आला पायजे. सोमवारी काम सुरू होते. नक्शा नसन तर दुसरे एक मास्तर तयार आहेत, ते छापील नक्शे घेऊन येतीन.”

आणि नक्शा म्हणजे कोणता, तर मायलेकी काठ. एक मोठा दात, त्याच्या पदराला धरून लहान दात, मग मधे खाच, पुन्हा मोठा. चाळीस ओळींचा एक फेर. कवडूनं तो स्वतः बसवला होता आणि सगळी मिळून दोनच लुगडी विणली होती. एक त्याच्या आत्याकडे गेलं, तिच्यासोबतच संपलं. दुसरं पंचफुलाचं, म्हणजे सोनिकाच्या आईचं. ते विरून विरून गोधडीत गेलं, आणि काठ कापून कोणी पिशवीचे बंद केले, ते बंदही कधीच तुटले. कागदावर तो काठ कधी उतरलाच नव्हता. कवडूला पेन्सिल धरवत नव्हती. पंचफुलानं पेन्सिल धरून पाहिली, “सांगा, मी काढतो” म्हणाली, तर कवडू चिडला. “ते सांगता नाई येत वं. हात चालला का येते.” आणि हात तर चालत नव्हता.

म्हणून शनिवारी दुकानातून दोन दिवसांची सुट्टी काढून, जुना लॅपटॉप ओढणीत गुंडाळून, सोनिका उमरेडच्या एसटीत बसली ती हवेतच. पेन्सिल नको, कागद नको. बाबांनी नुसता माउस फिरवायचा. गटाच्या बायका डोळे विस्फारून बघतील, असं सगळं चित्र तिनं वाटेतच रंगवून टाकलं होतं.

दुपारी ओसरीत स्टूल ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. कवडूनं माउसवर हात ठेवला. हात थरथरला, माउस थरथरला, आणि जिथे जिथे बाण गेला तिथे तिथे चौकटी लाल झाल्या. क्षणभरात सगळ्या पानावर गोवर उठावा तसं झालं. त्यानं हात स्थिर करायला दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर आणखी पसरलं.

कवडूनं माउस हळूच बाजूला ठेवला. “चांगलं केलं बेटा,” तो म्हणाला. “माह्या कामाचं नाई ते.” आणि रस्त्याकडे बघायला लागला.

सोनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान तिनं बाबांसाठी बनवलं असं ती तीन दिवस सगळ्यांना सांगत होती, आणि बनवलं होतं ते स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या ठणठणीत हातासाठी. ज्याच्यासाठी करतोय त्याचा हात एकदा डोळ्यांसमोर आणावा, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. मग ती तिथेच ओसरीत मांडी घालून दुरुस्तीला बसली. आता माउस फिरवल्यानं काही होणार नाही, बोटानं दाबलं तरच एक चौकट रंगेल. चौकटी मोठ्या केल्या. पान बाबांच्या मोबाइलवर उघडेल असं केलं.

कवडू हळूहळू सरकत जवळ आला. चाळीस वर्षांची खोड, कोणी जाळी मांडत असलं की त्याला राहवायचं नाही. थोडा वेळ बघून तो म्हणाला, “सोने, तुझे डब्बे काहून चौकोनी आहेत?”

“चौकटी चौकोनीच राहते नं बाबा.”

“कागदात राहते. कापडात उभा ताणा दाट, आडवा बाणा इरळ. डब्बा उभा असते. या डब्ब्यावर दात काढला तर मागावर तो लांबुळका येईन, करवत नाई, मुळा दिसन. विणकराची पोरगी तू, अन् हे मी सांगू तुले?”

हे तो बोलला आणि हसला. दोन वर्षांत पंचफुलानं त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं, ती आतून पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली. सोनिकानं एक आकडा बदलला, आणि चौकटी उभ्या झाल्या. कवडूनं मान डोलावली. मग म्हणाला, “अन् चुकलं तर?”

“चुकलं तर काय?”

“मागावर चुकलं तर आपण फाडून फेकतो काय? जसं घातलं तसंच एकएक काढत मांगे येतो. उकलता आलं पायजे बेटा. ज्याले उकलता नाई येत त्यानं विणू नये.”

तिनं एक बटन बसवलं. त्यावर ‘उकल’ असं लिहिलं. ते बसवायला तिला संध्याकाळचे तीन तास लागले, नाकी नऊ आले. पण ते चाललं तेव्हा कवडूनं मुद्दाम चार चौकटी रंगवल्या, चार उकलल्या, पुन्हा रंगवल्या, पुन्हा उकलल्या, आणि लहान पोराला खेळणं मिळावं तसा जेवणापर्यंत तेच करत बसला.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तो मायलेकीला बसला. मोबाइलची काच लहान पडते म्हणून सोनिकानं शेजारच्या मेघाकडून तिच्या मुलाला शाळेतून मिळालेला टॅबलेट मागून आणला. ही मेघा गटात मागावर बसायला तयार झालेली पहिली बाई. टॅबलेट स्टुलावर, कवडू त्याच्यासमोर, मनगट उशीवर टेकवलेलं. पाच चौकटी दाबाव्यात तर दोन भलत्याच लागत. उकल. पुन्हा. पलीकडे पंचफुला चरख्यावर मेघासाठी कांड्या भरत होती. कवडू ओठातल्या ओठात काही पुटपुटत होता आणि काच दाबत होता. एक तास गेला, दीड तास गेला. एकोणचाळीस ओळी झाल्या, चाळिसावी झाली. काचेवर करवतीचे दात उभे राहिले, मोठा, लहान, खाच, मोठा, अगदी सोनिकानं लहानपणी आईच्या पदराशी खेळताना बोटांनी चाचपले होते तसे.

कवडू मागे टेकला. त्याच्या कपाळावर घाम होता. “झालं बाई,” तो म्हणाला.

आता इथे गप्प बसावं की नाही? सोनिका बाईसाहेबांना वाटलं, बाबांनी एवढं केलं तर वर मथळा तरी छान असावा. टॅबलेटवरचं पान लॅपटॉपला जोडलेलं होतं. तिनं लॅपटॉपवर ‘रंगवा चौकटी’ खोडून ‘मायलेकी काठ’ असं लिहिलं आणि सवयीनं सेव्ह केलं. फाइल सेव्ह केली की पान आपोआप नव्यानं उघडतं, अशी सोय मॅडमनीच सगळ्यांना लावून दिली होती.

टॅबलेटवर पान नव्यानं उघडलं. वर सुंदर अक्षरांत ‘मायलेकी काठ’. खाली सगळ्या चौकटी कोऱ्या.

सोनिकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं ‘उकल’ दाबलं, मागचं बटन दाबलं, पान तीनदा उघडलं, बंद केलं. चौकटी कोऱ्याच. मग तिला वहीतलं ते वाक्य आठवलं, लाल रेघांसकट. पाण्यावरचं लिहिणं. तिनं डोकं गुडघ्यांत घातलं. “बाबा, माह्या हातानं गेलं गा,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कवडू रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपला उजवा हात डाव्या हातात घेतला, कारण आता तो नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. “उद्या सकाळी इंदुताईले सांगजो,” तो म्हणाला, “दुसऱ्या मास्तरले बोलवा म्हणा. आता या हातानं नाई होत.”

पंचफुलाचा चरखा थांबला. आणि मग पंचफुला, हातातली कांडी खाली ठेवून, सहज, भाजीला मीठ किती घातलं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, “दोन, चार, सहा, नऊ. नऊ, सहा, चार, दोन. सोड एक. एक, दोन, तीन, दोन, एक. सोड एक.”

सोनिकानं मान वर केली.

“काय म्हणून राहिली वं माय?”

“मायलेकी,” पंचफुला म्हणाली. “हे मागावर बसले का असंच म्हणत. मी इकडे कांड्या भरत असो. आताही तेच म्हणून राहिले होते काचेवर. पुढं सांगू काय?”

“तुले येते?” कवडूनं विचारलं. त्याच्या आवाजात असं काही होतं की सोनिका त्याच्याकडे बघू शकली नाही.

“दोन लुगडी होईस्तोवर रोज कानावर पडलं तर नाई येईन काय?”

“मंग बोलली काहून नाई? मी इतके दिवस डोकं धरून बसलो इथं.”

“तुम्ही म्हणे हातात आहे,” पंचफुला म्हणाली. “पेन्सिल धरली तर माह्या अंगावर आले. मले वाटलं, नक्शा म्हणजे काही येगळंच असते, शिकल्यासवरल्याचं. हे तर नुसते आकडे.”

नुसते आकडे. सोनिकानं लॅपटॉप मांडीवर ओढला. चौकटी एकेक करून रंगवायच्याच कशाला? ओळीत किती चौकटी भरायच्या, तेवढा एक आकडा पुरे. चाळीस ओळी, चाळीस आकडे, फाइलमध्ये एका रांगेत. पान त्यावरून काठ काढून घेईल, हवं तितक्यांदा, आणि कोणी शंभरदा पुसलं तरी शंभरदा काढेल. मॅडमनी वर्गात सांगितलेलं तिला आत्ता, आईच्या तोंडून कळलं.

“सांग वं माय,” ती म्हणाली. “हळूहळू सांग.”

पंचफुला सांगत गेली, सोनिका टाइप करत गेली. कवडू डोळे मिटून ऐकत होता, बोटं मांडीवर हलत होती. चोविसाव्या ओळीला त्यानं डोळे उघडले.

“दहा,” तो म्हणाला. “तिथं दहा आहे.”

“नऊ,” पंचफुला म्हणाली.

“माहा काठ, अन् तू मले सांगतं?”

“दहा आत्याबाईच्या लुगड्यात केले तुम्ही. मंग म्हणे दात टोचते, बोजड दिसते. माह्या लुगड्यात नऊ केले. सोनी पोटात होती, सातवा चालू होता. मी याच भिंतीले टेकून बसली होती अन् तुम्ही म्हणे, पंचफुला, एक कमी करतो, लेक नाजूक आली पायजे.”

कवडूनं वळून त्या भिंतीकडे बघितलं. “नऊ लिहा,” तो सोनिकाला म्हणाला, आणि पोरीला आयुष्यात पहिल्यांदा ‘लिहा’ म्हणाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही. मग मान हलवत स्वतःशीच बोलला, “काखेत कळसा अन् गावाले वळसा. असा येडा माणूस पाह्यला काय कोणी.”

चाळिसावा आकडा टाकून सोनिकानं सेव्ह केलं. पान नव्यानं उघडलं, आणि काठ डोळ्यांसमोर उभा राहिला. एका दमात, सगळ्या दातांसकट. कोणाचंही बोट लागलं नव्हतं. पंचफुला पदराला हात पुसत जवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “हो, हेच होतं.” मग ती भात लावायला आत गेली, कारण बारा वाजत आले होते आणि कोणालाच भुकेची शुद्ध नव्हती.

सोनिका तिच्यामागे चुलीपाशी गेली. तीन महिने ती वर्गात मॅडमचा शब्द न शब्द वहीत टिपून घेत होती, आणि इथे एक बाई इतकी वर्षं न लिहिता सगळं टिपत बसली होती, तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. लेकीनंही नाही. “माय,” ती म्हणाली, “तू नसती तर सगळं गेलं असतं वं.” पंचफुलानं तांदूळ धुता धुता तिच्याकडे बघितलं. “मी कुठं जातो,” ती म्हणाली. “ते पातेलं दे इकडे.” सोनिकानं पातेलं दिलं आणि तिथेच आईच्या पाठीवर डोकं टेकवून दोन मिनिटं उभी राहिली. आईच्या अंगाला सुताचा आणि खळीचा वास येत होता.

सोमवारी सकाळी शेडमध्ये आठ बायका जमल्या होत्या. पानावरून छापून घेतलेला नक्शा भिंतीवर चिकटवलेला, वर आकडेही लिहिलेले. त्याशिवाय प्रत्येकीच्या मोबाइलवर सोनिकाच्या लॅपटॉपला जोडलेलं तेच पान. मेघा मागावर बसली. कवडू खुर्चीवर, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर. इंदुताईंनी नारळ फोडला आणि म्हणाल्या, “चला मास्तर, सांगा.”

“मास्तर दोन आहेत,” कवडू म्हणाला. “धोटा कसा अडकवायचा ते मी सांगतो. आकडे ते म्हणन.” त्यानं पंचफुलाकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण आज त्यानं ते लपवलं नाही.

पंचफुला लाजली, पदर सारखा केला आणि नेहमीच्या जागी बसावं तशी कांड्यांच्या टोपलीशी जाऊन बसली. “दोन,” ती म्हणाली. माग वाजला. “चार.” माग वाजला. सात ओळी झाल्या आणि पंचफुला एकदम थांबली. मागाकडे तिनं बघितलंही नव्हतं, पाठ होती तिची. “मेघा, आवाज चुकला वं,” ती म्हणाली. कवडू उठून गेला, वाकून बघितलं. दातात एक तार जास्त गेली होती.

“उकल,” तो मेघाला म्हणाला. “घाबरू नको. पयले उकलणंच शिकायचं असते.”

सोनिकाला दुपारच्या एसटीनं नागपूरला परतायचं होतं. शेडच्या उंबऱ्यावर बसून तिनं लॅपटॉप उघडला. पानाच्या तळाशी तिचं ते मोठं जांभळं नाव तसंच झळकत होतं. तिनं ते पुसलं आणि साध्या बारीक अक्षरांत लिहिलं: ‘काठ : कवडू निनावे. आकडे : पंचफुला निनावे.’ स्वतःचं नाव त्याखाली लिहावं की नाही, याचा तिनं थोडा विचार केला. मग ‘टायपिंग : त्यांची सोनिका’ असं लिहिलं.

सेव्ह दाबण्याआधी तिनं आकड्यांची रांग एकदा उघडून बघितली. मग दाबलं. आत मेघाचा मोबाइल मागाच्या फळीवर ठेवलेला होता, त्यावरचं पान क्षणभर कोरं झालं. आणि लगेच, पहिल्या ओळीपासून चाळिसाव्यापर्यंत, मायलेकी पुन्हा उभी राहिली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. आतून पंचफुलाचा आवाज येत होता, “नऊ.” माग वाजला. “पुन्हा नऊ.”